वाईट बातमी साहेबांपर्यंत किती वेळात पोहोचते?

एका प्लांट मॅनेजरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनिअर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर प्लांटची जबाबदारी मिळाली. हाताखाली आठ सुपरवायझर, त्यांच्याखाली कायम आणि कंत्राटी मिळून शंभरेक कामगार. सहा महिन्यांनी एचआरने आजूबाजूच्या सगळ्यांकडून अभिप्राय मागवला. त्यात आलं, ‘कामाची जाण उत्तम, पण माणसं यांच्यासमोर बोलायला घाबरतात.’ आता ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवा’ म्हणून वाशीला दोन दिवसांच्या वर्कशॉपला पाठवणार आहेत. स्वभावच तापट असेल तर हे शिकून येतं का? येत असेल तर नेमकं करायचं काय?

शिकून येतं. फक्त स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. ते होत नाही आणि त्याची गरजही नाही. दिवसभरात तोल जातो असे प्रसंग मोजके असतात आणि बहुतेक ठरलेले असतात: सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, दुपारी तीनचं शिफ्ट हँडओव्हर, ग्राहकाच्या तक्रारीचा फोन, ऐनवेळी रजा मागायला आलेला माणूस. अशा चार-पाच प्रसंगी पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय बोलता आणि चेहरा कसा असतो, एवढंच बदलायचं आहे. पुढच्या वेळी तुमच्याकडे यायचं की टाळायचं, हे समोरचा माणूस तेवढ्यावरूनच ठरवतो.

सुधारणा होते आहे का हे कळायला एक माप पहिल्याच दिवशी हाताशी घ्या. काहीतरी बिघडल्यापासून ते तुमच्या कानावर येईपर्यंत किती वेळ जातो? मशीन पावणेअकराला बंद पडलं आणि तुम्हाला साडेबाराला कळलं, म्हणजे पावणेदोन तास. त्या पावणेदोन तासांत कोणी झोपलेलं नसतं. सुपरवायझर आधी आपल्या पातळीवर निस्तरायला बघतो, मग कोणाला पुढे करायचं ते ठरतं, मग आज साहेबांचा मूड कसा आहे याची केबिनबाहेर चौकशी होते. तोवर रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, क्रेट भरत राहतो. लॉगबुकात बिघाडाची वेळ लिहिलेली असतेच. शेजारी ‘मला कधी कळलं’ हा एक रकाना तुमच्यापुरता वाढवा. ‘माणसं घाबरतात’ या मोघम शेऱ्यापेक्षा हा रकाना जास्त खरं बोलतो.

भावनिक बुद्धिमत्ता या संकल्पनेबद्दल थोडंच सांगतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती शास्त्रीय स्वरूपात मांडली आणि १९९७ मध्ये तिच्या चार क्षमता सांगितल्या: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करून घेणं, ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं, आणि ती हाताळणं. यात गोड बोलणं कुठेही नाही. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून खराब माल पास करणारा, किंवा उशिरा येणाऱ्याला तीन महिने काहीच न बोलणारा मॅनेजर भावनिकदृष्ट्या हुशार नसतो. त्याला स्वतःच्या संकोचावर ताबा नसतो. क्रमही ध्यानात ठेवा. ओळखणं आधी येतं, हाताळणं नंतर. बहुतेक लोक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, ‘उद्यापासून रागवायचं नाही’ असं ठरवतात आणि बुधवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं होतं.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहायला गेलात की मेसेज दिसतात आणि लिहायचं राहतं. दिवसाला दोन किंवा तीनच नोंदी, प्रत्येक नोंद चार ओळींची. वेळ आणि प्रसंग. शरीरात काय झालं. कोणती भावना होती. मी काय केलं. उदाहरणार्थ: ‘९.४०, मीटिंग, डिस्पॅचचा आकडा चुकीचा निघाला. जबडा आवळला, कानशिलं गरम. आधी धास्ती (हेड ऑफिसला काय सांगू), मग चीड. स्टोअरवाल्याचं बोलणं मध्येच तोडलं.’ एवढं पुरे.

यात दोन ठिकाणी गाडी हमखास अडकते. एक म्हणजे भावनेच्या जागी निकाल लिहिला जातो: ‘स्टोअरवाला बेजबाबदार आहे.’ ते त्याच्याबद्दल झालं, तुमच्याबद्दल काहीच कळलं नाही. दुसरं म्हणजे सगळ्यावर ‘टेन्शन’ हे एकच लेबल लागतं. वैताग, धास्ती, अपमान, हेवा, ओशाळलेपण, घुसमट या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. धास्ती असेल तर माहिती मिळवावी लागते. अपमान वाटला असेल तर त्या माणसाशी बोलावं लागतं. नुसता वैताग असेल तर कधीकधी जेवण झालेलं नसतं, एवढंच कारण निघतं. भावनेला अचूक शब्द दिला की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मेंदूच्या अभ्यासातही दिसलं आहे: मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली आढळली.

दोन आठवड्यांनी वही चाळलीत की सहसा एक आकृती दिसते. ठाण्याहून घोडबंदर रोडच्या कोंडीतून येणाऱ्यांच्या नोंदी अनेकदा साडेनऊ ते दहाच्या दरम्यान दाटलेल्या असतात. तिथे पहिला उपाय मानसशास्त्राचा नाहीच: मीटिंग पंधरा मिनिटं पुढे ढकला, आल्यावर पाणी प्या, फ्लोअरवर एक फेरी मारा आणि मग बसा. ज्यांच्या नोंदी एकाच माणसाभोवती फिरतात, त्यांचं काम वेगळं आहे. त्यांना त्या माणसाशी एक राहिलेलं बोलणं पुरं करायचं असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून एकच प्रसंग निवडा, एकच. त्यासाठी ‘असं झालं की मी असं करीन’ या घाटाचं एक वाक्य लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून (त्यांचा महत्त्वाचा लेख १९९९ चा) हे पुढे आलं की नुसत्या संकल्पापेक्षा प्रसंग आणि कृती यांची अशी आधीच बांधलेली जोडी जास्त वेळा अमलात येते. ‘मी शांत राहीन’ हे वाक्य चालत नाही, कारण त्यात कृती नाही. ‘सुपरवायझरने रिजेक्शन सांगितलं की मी पेन टेबलावर ठेवीन, एक श्वास पूर्ण सोडीन आणि पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारीन’ हे चालतं. पेन ठेवणं बारीक वाटेल, पण हाताला काम मिळालं की तोंडाला दोन सेकंद मिळतात.

श्वासाचं गणित सोपं आहे: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. सहा वेळा केलं की साधारण एक मिनिट होतं. हे माणसासमोर करायचं नाही; त्याआधी, केबिनचं दार उघडण्यापूर्वी करायचं. समोर असताना जमत नसेल तर सरळ वेळ मागा: ‘मला दहा मिनिटं द्या, सव्वातीनला आपण बोलू.’ आणि सव्वातीनला स्वतः जाऊन बोला. वेळ मागून परत न जाणं हे रागावण्यापेक्षा वाईट पडतं, कारण समोरचा दिवसभर टांगलेला राहतो. हातात यंत्र चालू असताना किंवा कोणाच्या जिवाला धोका असताना मात्र हे काही लागू नाही. तिथे ओरडा, मशीन बंद करा, माणूस बाजूला घ्या. त्याबद्दल नंतर माफी मागायचीही गरज नाही; का ओरडलो ते सांगितलं की पुरतं.

राग आतल्या आत दाबणं म्हणजे ताबा, असा समज आपल्याकडे पक्का आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनी यातला फरक नीट दाखवला. भावना नुसती चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांची आतली भावना कमी होत नाही, शरीराचा ताण उलट वाढतो. ज्यांनी प्रसंगाकडे बघण्याची दृष्टीच आधी बदलली, त्यांची भावनाच सौम्य झाली. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर ‘यानं माझी वाट लावली’ याच्या जागी ‘हा मला तीन तास आधी सांगतोय, अजून माल गेटबाहेर गेलेला नाही’ हे वाक्य मनात आणणं. दुसरं वाक्यही तितकंच खरं असलं पाहिजे. खोटं समाधान टिकत नाही. दाबलेला राग बाहेरच्यांना दिसतोच. सुपरवायझर तुमच्या शब्दांआधी तुमचं नाक आणि भुवया वाचतात, आणि ‘साहेब काही बोलले नाहीत’ याचा अर्थ ‘आता नंतर बघतील’ असा लावतात.

आता मुख्य जागा. दुपारचे तीन, पहिली शिफ्ट सुटते आहे, सुपरवायझर दारात उभा: ‘साहेब, चार नंबरला दोनशे चाळीस पीस गेलेत. फ्लॅश येतोय.’ (फ्लॅश म्हणजे मोल्डच्या, साच्याच्या, फटीतून बाहेर आलेली जादा कड.) तोंडातून सहज निघणारं उत्तर असतं, ‘आणि हे मला आत्ता सांगताय?’ तुम्हाला म्हणायचं असतं, आधी सांगायला हवं होतं. त्याच्या कानावर मात्र जातं, सांगणं हाच गुन्हा झाला. पुढच्या वेळी तो पीस मोजणार, अर्धे रीवर्कमध्ये दाखवणार आणि उरलेले तिसऱ्या शिफ्टच्या नावावर टाकायला बघणार. यात तो लबाड नसतो. मार चुकवत असतो.

त्या जागी क्रम असा ठेवा. आधी ‘बरं झालं सांगितलंत,’ तेही पडलेल्या आवाजात नको. लगेच सध्याची स्थिती: ‘मशीन चालू आहे की थांबवलंय?’ मग त्याने केलेलं काम: ‘आतापर्यंत काय काय करून बघितलं?’ मग मदत: ‘माझ्याकडून काय पाहिजे, टूलरूमचा माणूस की ग्राहकाला फोन?’ आणि कारणाची चौकशी वेळ देऊन पुढे: ‘झालेला माल आधी वेगळा करा. कशामुळे झालं ते उद्या दहाला बसून बघू.’ ‘का केलं?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत घेऊच नका. त्याला उत्तर म्हणून माणूस बचाव देतो, माहिती देत नाही. ‘काय झालं’ आणि ‘कुठून सुरू झालं’ यांना माहिती मिळते. दुसऱ्या दिवशी दहाला मात्र चौकशी कसून करा. क्लॅम्पिंगचं सेटिंग कोणी बदललं, मोल्डची फेस कधी साफ झाली, पहिला खराब पीस किती वाजता दिसला, सगळं विचारा. सौम्यपणा बातमी घेताना असतो, कारण शोधताना नाही. ही दुसरी बाजू सोडली की दोन महिन्यांत टीम सैल पडते आणि मग ‘हे असलं शिकवण्याचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो.

संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीम्सचा अभ्यास केला तेव्हा, ज्या वॉर्डमध्ये नेतृत्व आणि आपसातलं नातं चांगलं होतं तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचं स्पष्टीकरण असं की तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. तेव्हा तुमच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत रिजेक्शनचा आणि बारीकसारीक अपघातांचा आकडा वर गेला तर घाबरू नका, आणि वरच्या साहेबांना हे आधीच सांगून ठेवा. आधी जे कळत नव्हतं ते आता कळतंय. खरी सुधारणा तुमच्या त्या ‘कधी कळलं’ रकान्यात दिसेल.

कंत्राटी कामगारांचा विचार वेगळा करा, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांत खरी माहिती त्यांच्या हातात असते आणि बोलायची सर्वात जास्त भीती त्यांनाच असते. उद्या गेटपास बंद झाला तर दाद कुणाकडे मागायची, हा त्यांचा हिशोब बरोबरच आहे. त्यांच्याकडून चार लोकांत, मराठीत, उत्तर काढायला जाऊ नका. मशीनपाशी, त्याच्या हिंदीत, एकेकट्याला विचारा. आणि त्याने सांगितलेलं त्याच्या नावासकट मीटिंगमध्ये उच्चारू नका. वयाचंही भान ठेवा. तुम्ही पस्तिशीचे आणि समोरचा फिटर पन्नाशीचा असेल तर ‘अरे-तुरे’ त्याला बोचतंच, मग तो हसून का दाखवेना. ‘तुम्ही’ म्हणा; आपसात काका-मामा चालत असेल तर तेही चालेल. व्हॉट्सॲपच्या शिफ्ट ग्रुपवर कुणालाही सुनावू नका. खराब पीसचा फोटो टाकून खाली नाव लिहिणं हा शंभर जणांसमोरचा पाणउतारा असतो, आणि तो फोटो त्या माणसाच्या घरीही पोहोचतो.

समजून घेण्याचं काम घाईत होत नाही, त्याला वेळ बांधून घ्यावी लागते. प्रत्येक सुपरवायझरशी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास. आठ जणांचे मिळून चार तास होतात, म्हणजे आठवड्याला दोन. फोन उलटा ठेवा, लॅपटॉप बंद. पहिली दहा मिनिटं त्याची: ‘सध्या कामात सगळ्यात जास्त काय अडतंय?’ त्याचं झालं की तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगा आणि ‘बरोबर आहे का?’ विचारा. इथे दोन चुका नेहमी होतात: दुसऱ्याच मिनिटाला सल्ला, आणि ‘माझ्या वेळी तर...’ दोन्हींनी बोलणं बंद पडतं. समजून घेतलं म्हणजे मान्य केलं असं मात्र नाही. गणपतीत एकाच लाइनवरच्या चौघांनी रजा मागितली तर दोघांना नाही म्हणावंच लागतं. तेव्हा ‘बघू, बघू’ करत चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत ताणू नका. तीन आठवडे आधी, समोर बसवून: ‘गावी घरचा गणपती आहे, तुम्ही नसलात तर आईवडिलांना वाईट वाटणार, हे मला कळतंय. या वर्षी नाही देऊ शकत. गौरी विसर्जनानंतर चार दिवस देतो आणि पुढच्या वर्षी पहिला नंबर तुमचा, आत्ताच लिहून ठेवतो.’ आणि खरंच लिहून ठेवा.

काही गोष्टी मात्र तुमच्या समजूतदारपणाने सोडवायच्या नसतात. लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर ‘मी दोघांशी बोलतो’ म्हणू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. ते तक्रार करणाऱ्या महिलेला सांगा, तिला समितीकडे पोहोचवा आणि गुप्तता पाळा. एखादा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलू लागला तर तुम्ही समुपदेशक नाही. त्याला एकटं सोडू नका, विश्वासातल्या घरच्या माणसाला कळवा, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याबरोबर बसून लावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

कामाबद्दल अभिप्राय देताना माणसावर बोलू नका, प्रसंगावर बोला: कधी, काय केलंत, त्याचा काय परिणाम झाला. ‘तुमचं लक्ष नसतं’ याऐवजी ‘सोमवारी हँडओव्हरच्या वहीत मोल्ड बदलाची नोंद नव्हती, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टने चाळीस मिनिटं जुन्या सेटिंगवर चालवलं.’ क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये असंख्य अभ्यास एकत्र तपासले तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायामुळे काम उलट घसरलेलं दिसलं, आणि लक्ष कामावरून स्वतःच्या लायकीकडे वळलं की ती शक्यता वाढते.

तोल जाणारच, तेव्हा सावरायचं कसं हेही आधीच ठरवून ठेवा. ज्या चार लोकांसमोर बोललात त्यांच्याच समोर, चोवीस तासांच्या आत, दोन वाक्यांत: ‘काल मी तुमचं बोलणं तोडलं आणि आवाज चढवला. ते चुकलं, आज तुमचा मुद्दा पूर्ण ऐकतो.’ यात ‘पण’ आला की माफी संपली. आणि केबिनमध्ये एकट्याला सॉरी म्हणून भागत नाही. अपमान चौघांत झालेला असतो.

वेळ किती लागेल? एका प्रसंगातली सवय रुळायला साधारण बारा आठवडे धरा: दोन नोंदींचे, चार एकाच वाक्यावर काम करण्याचे, उरलेले सहा दुसरा प्रसंग जोडण्याचे. टीमला फरक जाणवायला त्याहून उशीर लागतो. पहिला महिनाभर ‘साहेब आज बरे दिसतायत’ एवढंच म्हणतील आणि मुद्दाम एखादी छोटी वाईट बातमी टाकून बघतील. ही परीक्षा असते, आणि ती बहुतेक डिस्पॅचच्या घाईतच येते. दर महिन्याला वेगवेगळ्या दोन-तीन जणांना विचारा: ‘गेल्या महिन्यात मला सांगायचं टाळलं असं काही होतं का?’ आणि ‘मी काय केलं असतं तर सांगितलं असतं?’ उत्तर ऐकून फक्त आभार माना, खुलासा देऊ नका. ऑनलाइन प्रश्नावलीत आपणच आपल्याला दिलेल्या गुणांवर विसंबू नका. ज्याला आपला राग दिसत नाही तो तिथेही स्वतःला चांगलेच गुण देतो.

एक गोष्ट तुमच्या वरिष्ठांसाठी. लाइनला चौदा माणसं लागतात आणि अकरावर चालवतायत, टार्गेट मात्र चौदाचंच आहे, तर मॅनेजरच्या भावनिक बुद्धिमत्तेने ती तीन माणसं उभी राहणार नाहीत. तिथे माणसं मागणं, आकडे घेऊन वर भांडणं, हाच नेतृत्वाचा भाग आहे. ‘समजून घ्या’ म्हणत लोकांकडून जास्तीचं काम काढून घेण्यासाठी हे कौशल्य वापरलं, तर लोकांना ते फार लवकर कळतं, आणि मग पुढचा खरा शब्दही कुणी खरा मानत नाही.

वर्कशॉपला जा, पण एचआरशी त्याच्या आखणीबद्दल आधी बोला. सलग दोन दिवसांत ऐकलेलं आठवड्याभरात विरतं, कारण मधे सराव नसतो. तेवढेच बारा तास दोन-दोन तासांच्या सहा सत्रांत, पंधरा दिवसांच्या अंतराने वाटून मागा. गट आठ ते दहा जणांचा असावा, शक्यतो एकाच पातळीवरच्या मॅनेजरांचा. स्वतःचा साहेब किंवा स्वतःचा सुपरवायझर त्यात नको, नाहीतर कुणी खरं बोलत नाही. प्रत्येक सत्रात गेल्या पंधरवड्यातला एक घडलेला प्रसंग जोडीजोडीने पुन्हा बोलून बघायचा, एकाने सुपरवायझर व्हायचं आणि एकाने तुम्ही. आणि पहिल्या सत्राला येताना सगळ्यांनी दोन आठवड्यांची वही भरून आणायची, ही अट घालायला सांगा. ती नसेल तर सराव करायला कोणाकडेच स्वतःचा प्रसंग नसतो आणि प्रशिक्षकाच्या स्लाइड्स बघून सगळे परत येतात.